आधी पाणी, मग नाव-गाव

आज एक साधा प्रश्न. भर दुपारी तुमच्या दाराशी एक अनोळखी म्हातारा येऊन उभा राहिला. घामाने निथळतोय, चपला झिजून गेल्यात, खांद्यावर एक पिशवी. तर त्याला आधी काय विचाराल? नाव? गाव? काम काय आहे? की जात न् धर्म?

वऱ्हाडातली आजी यातलं काहीच विचारत नाही. ती म्हणते, "या जी, बसा. पानी घ्या आधी." पाण्याचा तांब्या पुढे येतो. घरात असला तर सोबत गुळाचा खडाही येतो. पाणी पोटात गेलं, चेहरा जरा निवला, की मग सावकाश चौकशी सुरू होते, "कोन्या गावचे हाव जी?"

हा क्रम फार महत्त्वाचा आहे, बरं का! आधी पाणी, मग नाव-गाव.

तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय आहे? पाणी तर सगळेच देतात. थांबा. आपल्याला आवडणारा देव, आपला धर्म, आपली श्रद्धा दुसऱ्याला सांगावी कशी, हा प्रश्न माणसाला फार जुन्या काळापासून पडलेला आहे. कुणी त्यासाठी भाषणं केली, कुणी ग्रंथ लिहिले, कुणी भांडणंसुद्धा केली. पण काही माणसांनी मात्र याचं उत्तर त्या पाण्याच्या तांब्यात शोधलं. अशा काही माणसांना आज भेटू या. फार लांब जायला नको, सगळी वऱ्हाडातच भेटतील.

वाटेवरचं शिरपूर

आधी नकाशा घ्या. वाशीम जिल्हा शोधा. १९९८ साली अकोला जिल्ह्यातून तो वेगळा झाला. त्यातला मालेगाव तालुका बघा. (नाशिककडचं मालेगाव वेगळं, हे वऱ्हाडातलं!) या तालुक्यात शिरपूर नावाचं मोठं गाव आहे. महाराष्ट्रात शिरपूर नावाची गावं बरीच. धुळे जिल्ह्यात तर आख्खा शिरपूर तालुका आहे. म्हणून या गावाला म्हणतात शिरपूर जैन. जैन लोकांचं हे मोठं तीर्थक्षेत्र.

आणि गंमत बघा, या जैन तीर्थाच्या गावातून दरवर्षी विठ्ठलाच्या भक्तांची पालखी जाते! शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आषाढीसाठी पंढरपूरला निघते. शेगाव, अकोला, पातूर, मेडशी, मालेगाव, शिरपूर, रिसोड आणि मग पुढे मराठवाडा, अशी तिची वाट. महिनाभराची ही पायपीट शेकडो किलोमीटरची असते. पांढऱ्या कपड्यांतले शेकडो वारकरी, हातात टाळ, खांद्यावर पताका, मुखी नाम.

ते दिवस कसले असतात, माहीत आहे? मृग लागलेला असतो, पण पावसाचा भरवसा नसतो. शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला. सोयाबीन-तुरीच्या बियाण्याला पैसा गेलेला, खिसा रिकामा. आणि नेमक्या अशा वेळी दारात शेकडो पाहुणे! तरीही वाटेवरची गावं रस्ता झाडतात, सडा घालतात, रांगोळ्या काढतात. कुणी पाणी देतं, कुणी चहा, कुणी पोहे, कुणी पंगत घालतं. समोरच्या वारकऱ्याचं नाव कुणी विचारत नाही. सगळ्यांना एकच नाव, "माउली". हे फार सोयीचं आहे! सगळ्यांचं नाव एकच असलं, की तांब्या कुणापुढे आधी करायचा, हा प्रश्नच उरत नाही.

पत्रावळीजवळचा अनोळखी माणूस

ज्यांची ही पालखी, त्या गजानन महाराजांची गोष्टसुद्धा अशीच सुरू होते. २३ फेब्रुवारी १८७८. शेगावातल्या एका घरी जेवणावळ झाली होती. उष्ट्या पत्रावळी बाहेर टाकलेल्या. तिथे एक अनोळखी तरुण बसला होता आणि पत्रावळींवरची उरलेली शितं वेचून खात होता. अंगावर धड कपडा नाही. कोण, कुठला, कुणालाच ठाऊक नाही.

तुम्ही-आम्ही तिथे असतो तर काय केलं असतं? खरं सांगा! बहुतेकांनी नाक मुरडून वाट बदलली असती. पण बंकटलाल अगरवाल नावाचा एक तरुण तिथून जात होता. तो थांबला. त्याने त्या घरून वाढलेलं ताट मागवलं आणि त्या अनोळखी माणसापुढे ठेवलं. पुढे त्यालाच घेऊन तो आपल्या घरी गेला. भक्तमंडळी ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत.

पुढे हा अनोळखी तरुण गजानन महाराज म्हणून ओळखला गेला. १९१० साली त्यांनी समाधी घेतली. आज शेगावला लाखो लोक जातात. पण जरा विचार करा. बंकटलालने ताट मागवलं तेव्हा समोर बसलेला माणूस "महाराज" नव्हता. तो फक्त भुकेला होता. मोठा माणूस आहे हे कळल्यावर ताट वाढणारे पुष्कळ असतात. न कळता वाढणारा एखादाच.

शेगावच्या मंदिरात गेलात, तर तिथल्या सेवेकऱ्यांकडे जरूर बघा. गावोगावचे शेतकरी, नोकरदार पाळीपाळीने येतात. कुणी चपला सांभाळतो, कुणी फरशी पुसतो, कुणी पंगतीत वाढतो. पगार नाही. संस्थानाचे विश्वस्त शिवशंकरभाऊ पाटील २०२१ साली वारले. सेवेची ही शिस्त उभी करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. "आमच्या महाराजांवर श्रद्धा ठेवा" असं तुमच्या चपला ठेवणारा माणूस तुम्हाला सांगत नाही. तो चपला नीट ठेवतो, हात जोडतो. तुम्हाला काय कळायचं ते कळतंच!

फण्याखालची मूर्ती

आता पुन्हा शिरपूरला येऊ. इथलं मंदिर अंतरिक्ष पार्श्वनाथाचं. अंतरिक्ष म्हणजे अधांतरी. पार्श्वनाथांची ही काळी मूर्ती जमिनीला न टेकता राहिलेली आहे, अशी भाविकांची श्रद्धा. मूर्तीच्या डोक्यावर नागाचा फणा आहे. हा फणा का, माहीत आहे? त्यामागे एक सुंदर कथा आहे.

पार्श्वनाथ हे जैनांचे तेविसावे तीर्थंकर. तरुणपणी ते वाराणसीचे राजकुमार होते. एकदा त्यांनी बघितलं, एक तापस धुनी पेटवून बसलाय आणि धुनीतल्या एका जळत्या लाकडात नाग अडकलाय. राजकुमारांनी ते लाकूड फोडायला लावलं आणि होरपळलेल्या त्या जिवाला मायेने शेवटचा धीर दिला. पुढे कित्येक वर्षांनी पार्श्वनाथ ध्यानाला बसले असताना त्यांच्यावर भयंकर पाऊस कोसळला. तेव्हा तोच नाग देवरूपाने आला आणि त्याने आपला फणा त्यांच्यावर छत्रीसारखा धरला, असं कथा सांगते.

साप म्हटला की आपण काठी शोधतो! त्याहून परका, त्याहून नावडता जीव कुठला असणार? आणि दया दाखवली ती नेमकी त्याच्यावर. म्हणजे त्या फण्यातच सगळा उपदेश आला की नाही?

शिरपूरची आणखी एक दंतकथा आहे. एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या राजाला अंगभर रोग झाला होता. रानात भटकताना दमून त्याने इथल्या एका पाण्यात हातपाय धुतले आणि त्याचा रोग बरा झाला. त्या पाण्यातच ही मूर्ती सापडली, असं म्हणतात. दंतकथा म्हणूनच ती ऐकायची. पण तिची सुरुवातसुद्धा एका थकल्या-भागल्या वाटसरूला मिळालेल्या पाण्यानेच होते, हे ध्यानात ठेवा.

आणि मग कुलूप

आता एक दुःखाची गोष्ट सांगायला हवी. ती टाळून पुढे गेलो, तर तुमच्याशी लबाडी होईल.

जैन धर्मात दिगंबर आणि श्वेतांबर असे दोन पंथ आहेत. दोघांचेही पार्श्वनाथ एकच. पण शिरपूरच्या या मूर्तीची पूजा कुणी करायची, कुठल्या पद्धतीने करायची, यावर दोन्ही पंथांत वाद होता. १९०५ साली दोघांनी पूजेच्या वेळा वाटून घेतल्या. पण वाद मिटला नाही. खटला चालत चालत थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९२९ साली तिथला निकाल आला. तरी भांडण संपलं नाही. शेवटी १९८१ साली मंदिराला कुलूप लागलं.

किती वर्षं असेल हे कुलूप? दोन? पाच? दहा? अहो, ४२ वर्षं! लांबलांबून भाविक यायचे आणि एका लहानशा झरोक्याला डोळा लावून मूर्तीचं दर्शन घ्यायचे. १९८१ साली जन्मलेलं मूल शाळेत गेलं, मोठं झालं, त्याचं लग्न झालं, त्याला मुलं झाली, तरी कुलूप तसंच. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तेव्हा कुठे दार उघडलं.

यात बरोबर कोण, चूक कोण, याचा निवाडा करणं आपलं काम नाही. दोन्ही बाजूंची माणसं भाविकच. मूर्तीवर दोघांचंही मनापासून प्रेम. म्हणूनच तर जास्त वाईट वाटतं! प्रेम असूनही दार बंद राहिलं. कारण क्रम उलटा झाला. आधी "तू कोणाचा? तुझी पद्धत कुठली?" हा प्रश्न आला, आणि पाण्याचा तांब्या मागे राहिला.

पण याच गावात त्या ४२ वर्षांत सगळंच बंद होतं का? मुळीच नाही. यात्रेकरूंसाठी धर्मशाळा होत्या, भोजनशाळा होत्या. उन्हाळ्यात वऱ्हाडात पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा दारात आलेल्या तहानलेल्याला इथलं घर पाणी देतंच. गाभाऱ्याला कुलूप घालता येतं, रांजणाला कोण घालणार?

दिवसा झाडू, रात्री कीर्तन

आता चला अमरावती जिल्ह्यात, शेंडगावला. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी इथल्या एका परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर हा मुलगा जन्मला. शाळा नाही, अक्षरओळख नाही. १९०५ साली, म्हणजे शिरपूरला पूजेच्या वेळांची वाटणी झाली त्याच वर्षी, त्याने घर सोडलं. पुढे लोक त्याला गाडगेबाबा म्हणू लागले.

बाबांचं रूप कसं? अंगावर चिंध्या जोडून केलेला सदरा, एका कानात कवडी, एका कानात बांगडीची काच, हातात झाडू आणि जवळ मातीचं एक गाडगं. त्यातच जेवायचं, त्यातच पाणी प्यायचं. अनोळखी गावात शिरले, की बाबा थेट रस्ता झाडायला लागायचे. गटारं साफ करायचे. पोरं मागे लागायची, कुत्री भुंकायची. लोक म्हणायचे, कुठला वेडा आला हा! संध्याकाळपर्यंत गाव लख्ख. आणि मग रात्री त्याच गावात बाबांचं कीर्तन! कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, देवापुढे बकरं कापू नका, पोरांना शाळेत घाला, असं ते तळमळून सांगायचे.

बघा हं, दिवसा झाडू, रात्री कीर्तन. पुन्हा तोच क्रम! आधी गावाचं काम, मग आपलं म्हणणं. ज्याने दिवसभर आपल्या दारापुढची घाण उचलली, त्याचं म्हणणं ऐकायला गाव का नाही बसणार?

पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचनला यात्रेकरू चिखलात घसरून पडायचे, म्हणून बाबांनी तिथे घाट बांधला. पंढरपूरला अस्पृश्य म्हणून ज्यांना कुणी ओसरीवरही झोपू देत नसे, अशा वारकऱ्यांसाठी त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. पुढे ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. नाशिकला, आळंदीला, देहूला धर्मशाळा. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ, खेड्यांतून आलेल्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा. घरचं माणूस दवाखान्यात, आपण परक्या शहरात, खिशात पैसे नाहीत. अशा वेळी डोक्यावर छप्पर मिळणं म्हणजे काय, ते ज्यावर वेळ आली त्यालाच कळतं.

एवढ्या इमारती उभ्या केल्या, पण बाबांनी स्वतःसाठी एक खोलीसुद्धा बांधली नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ, प्रवासातच त्यांनी देह ठेवला.

वाशीमच्या डॉक्टरीणबाई

शिरपूरहून वाशीम काही फार लांब नाही. १९३६ साली अमेरिकेहून एक तरुण बाई भारतात आल्या. त्यांचं नाव डॉ. ऑर्फा स्पायकर. नाझरीन पंथाच्या ख्रिस्ती मिशनने त्यांना पाठवलं होतं. वाशीमला मिशनच्या एका शाळेच्या इमारतीत त्यांनी दवाखाना सुरू केला. तेच पुढे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल झालं.

तेव्हाच्या खेड्यांची कल्पना करा. वीज नाही, रस्ते नाहीत. रोगी आणायचा तो बैलगाडीत घालून. बाळंतपणात बायका दगावायच्या, हगवणीने पोरं जायची. अशा भागात या बाईंनी चाळीस वर्षं काढली. १९७६ साली त्या निवृत्त झाल्या. त्यांची येशू ख्रिस्तावर श्रद्धा होती, ती त्यांनी लपवली नाही. पण रात्री-अपरात्री बैलगाडीतून उतरवलेल्या बाईला डॉक्टरीणबाईंचा धर्म दिसत नव्हता. तिला दिसत होता कंदिलाच्या उजेडात आपली नाडी धरणारा एक हात.

करंजीचा लंगर

आता अगदी अलीकडची गोष्ट. २०२० साली करोनाची साथ आली. मार्चअखेर टाळेबंदी लागली. गाड्या बंद, कामं बंद. हैदराबादकडचे मजूर नागपूरच्या दिशेने आपापल्या गावी निघाले. उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश, छत्तीसगड. कुणी ट्रकवर, कुणी चक्क पायी, कडेवर लेकरं. हॉटेलं बंद, ढाबे बंद. आणि रोगाच्या भीतीने माणूस माणसाजवळ यायला तयार नाही.

याच हमरस्त्यावर यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याजवळ करंजी हे गाव आहे. तिथे शिखांचा एक गुरुद्वारा आहे. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याशी जोडलेला. तिथले बाबा कर्नेलसिंग खैरा तेव्हा ऐंशीच्या पुढचे. त्यांनी लंगर, म्हणजे सगळ्यांसाठीचं अन्नछत्र, बंद केलं नाही. उलट वाढवलं! पत्र्याच्या शेडखाली चुली दिवसरात्र पेटत्या राहिल्या. डाळ, भात, पोळी, भाजी, चहा. दोनेक महिन्यांत तिथे लाखो लोक जेवून गेले. त्यात शीख कितीसे असणार? बोटांवर मोजण्याइतकेच! रस्त्यावरच्या कुत्र्यांना आणि गुरांनाही गुळाच्या पोळ्या मिळायच्या.

लंगरचा नियम ठाऊक आहे ना? सगळ्यांनी एका पंगतीत बसायचं. राजा असो की मजूर. तू कोण, असं विचारायचंच नाही. शिखांनी हा नियम पाचशे वर्षं पाळला आहे.

गळाला लावलेलं पीठ

इथे तुमच्यातला एखादा हुशार वाचक हात वर करेल, "म्हणजे लोकांना खायला-प्यायला द्यायचं आणि मग हळूच आपला धर्म गळी उतरवायचा, असंच ना?"

फार चांगली शंका! गळाला पीठ लावून मासा धरतात. मासा म्हणतो, वा, काय दयाळू माणूस आहे! पण त्या पिठाला कुणी दया म्हणत नाही. "पाणी देतो, पण आधी आमच्या देवाचं नाव घे", "जेवायला देतो, पण आमच्यात ये" असं म्हटलं, की पाण्याची झाली किंमत. मग ते दान उरलं नाही, तो सौदा झाला. आणि हे कुठल्याही धर्माचा माणूस करू शकतो.

मग ओळखायचं कसं? एक सोपी कसोटी आहे. पाणी पिऊन तो माणूस एक शब्दही न बोलता निघून गेला, पुन्हा कधी भेटला नाही, तुमच्या देवाकडे त्याने वळूनही पाहिलं नाही, तर तुम्हाला राग येईल का? आला, तर समजा तांब्यात गळ होता. नाही आला, तर ते निव्वळ पाणी होतं.

मग आपल्या श्रद्धेबद्दल बोलायचंच नाही का? बोला की! कुणी विचारलं, "तुम्ही हे का करता?" तर मोकळेपणाने सांगा, आमच्या घरी असं शिकवलंय, आमचा धर्म असं सांगतो. गाडगेबाबा रात्र रात्र बोलायचे. फक्त क्रम चुकू द्यायचा नाही.

तुम्हाला काय करता येईल?

तुमच्याकडे धर्मशाळा बांधायला पैसे नाहीत, दवाखाना काढता येत नाही. नसू द्या. उन्हाळ्यात घरासमोर सावलीत एक माठ ठेवा. त्यावर झाकण, वर ओगराळं, खाली विटा. रोज सकाळी तो धुऊन भरायचा. हे "रोज" फार अवघड असतं, बरं का! पहिले तीन दिवस उत्साह असतो. चौथ्या दिवशी माठ कोरडा पडतो. आणि कोरडा माठ बघून तहानलेल्याला जे वाटतं, ते माठच नसण्यापेक्षा वाईट. म्हणून चार घरच्या पोरांनी वार वाटून घ्या. (शिरपूरला पूजेच्या वेळा वाटल्या होत्या. तुम्ही पाणी भरायच्या वेळा वाटा!)

वर्गात नवीन मुलगा आला आणि डबा खायला एकटाच बसला, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. एसटीत म्हातारीला जागा द्या. परगावच्या माणसाने पत्ता विचारला तर "तिकडे" म्हणून हात उडवू नका, नीट सांगा. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. अनोळखी माणसाला मदत करायची ती घरच्या मोठ्यांना सांगून, चारचौघांत. त्याच्यासोबत एकट्याने कुठेही जायचं नाही. दयाळू असावं, भाबडं असू नये.

आणि ज्याच्याशी आपलं पटत नाही, ज्याची पूजा वेगळी, सण वेगळा, त्याच्या हाती पहिला पेला द्या. आपल्या माणसाला पाणी देणं सोपं असतं. बंकटलालपुढे बसलेला माणूस त्याचा कुणी नव्हता, आणि नाग तर कुणाचाच नसतो!

येत्या उन्हाळ्यात तुमच्या दारात माठ दिसला पाहिजे. वाटसरूने दोन पेले पाणी पिऊन तोंड पुसलं आणि "बरं वाटलं गड्या" म्हटलं, की मग खुशाल विचारा, "काका, गाव कोणतं तुमचं?"